गाडी भाड्याची, विमा कुणाचा?

गाडी भाड्याने घेताना काउंटरवर विम्यासाठी जो आग्रह होतो, त्याबद्दल आलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघं सॅन होजेला मुलाकडे जातोय. तिथून योसेमिटी आणि लॉस एंजेलिस असा दहा दिवसांचा फेरा स्वतः गाडी चालवून करायचा आहे. काउंटरवर ‘फुल कव्हर’ गळ्यात मारतात म्हणे. सरळ नाही म्हणावं का? (नागपूर)

उत्तर : सरसकट नाही म्हणू नका. ‘फुल कव्हर’ ही एक वस्तू नसते, चार वेगवेगळ्या गोष्टींची ती मोळी असते. त्यातल्या दोन तुम्हाला लागतात.

पहिली एलडीडब्ल्यू, काही ठिकाणी तिलाच सीडीडब्ल्यू म्हणतात. हा खरं तर विमा नाही. गाडी ठोकली गेली किंवा चोरीला गेली तर ते पैसे तुमच्याकडून वसूल करणार नाही, एवढं कंपनी लिहून देते. दुसरी एसएलआय. तुमच्या हातून दुसऱ्या कुणाला इजा झाली, त्याची गाडी मोडली, तर त्याची भरपाई यातून होते. मर्यादा बहुधा 3 लाख ते 10 लाख डॉलर असते. तिसरी पीएआय, म्हणजे गाडीत बसलेल्यांना लागलं तर मिळणारी ठरावीक रक्कम. चौथी रोडसाइड : किल्ली आत राहिली, टायर बसला, पेट्रोल संपलं तर मदत.

समजा, भाडं रोजचं 45 डॉलर आहे. एलडीडब्ल्यू 28, एसएलआय 16, पीएआय 7 आणि रोडसाइड 8 धरले तर रोजचे 59 डॉलर होतात. दहा दिवसांचं भाडं 450 आणि कव्हर 590! म्हणून तर एवढा आग्रह. काउंटरवरच्या माणसाला यावर बहुतेक ठिकाणी कमिशन असतं.

पण भारतातून गेलेल्या माणसासाठी एसएलआय ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि एलडीडब्ल्यू घेतली म्हणजे सगळं झालं या समजुतीत नेमकी तीच राहून जाते. तुमची इथली मोटार पॉलिसी तिकडे चालत नाही. प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असं लिहिलेलं दिसतं, पण त्याच्या अटींत मोटार वाहनं सहसा वगळलेली असतात. कॅलिफोर्नियात भाड्याच्या गाडीसोबत थर्ड पार्टी कव्हर आपोआप येतंच असं नाही. आलं तरी ते कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेचं असतं. 1 जानेवारी 2025 पासून ही रक्कम एका जखमी माणसासाठी 30,000, एका अपघातासाठी 60,000 आणि मालमत्तेसाठी 15,000 डॉलर आहे. तिथल्या हॉस्पिटलात एका शस्त्रक्रियेचं बिल तीस हजारांच्या पुढे सहज जातं. शिवाय अमेरिकेच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यामुळे, गाडी कंपनीच्या मालकीची आहे एवढ्याच कारणावरून कंपनीला जबाबदार धरता येत नाही. दावा येतो तो चालवणाऱ्यावर.

तेव्हा एलडीडब्ल्यू आणि एसएलआय घ्या, पण काउंटरवर नको. भाडेकंपन्यांच्या, अमेरिकेबाहेरच्या ग्राहकांसाठी असलेल्या संकेतस्थळावर राहण्याचा देश भारत निवडला की बरेचदा दोन्ही कव्हर धरूनच दर दिसतो, आणि तो काउंटरवरच्या बेरजेपेक्षा बराच कमी पडतो. व्हाउचर छापून न्या. काउंटरवर पहिलं वाक्य तुमचं असू द्या : ‘व्हॉट इज ऑलरेडी इन्क्लुडेड इन माय रेट?’ व्हाउचरमध्ये जे आहे तेच वेगळ्या नावाने पुन्हा विकलं जाऊ शकतं. पीएआय सोडा, दवाखान्याच्या खर्चासाठी तुमचा प्रवास विमा असतोच. आणि मुलाच्या पॉलिसीत आपण आपोआप येतो असं धरू नका. करार तुमच्या नावावर आहे.

प्रश्न : फ्लोरिडात विमानतळावर घाईत टॅबवर चार-पाच सह्या केल्या. गाडी परत केल्यावर बिलात पीएआय आणि रोडसाइडचे दीडशे डॉलर निघाले. परत मिळतील का? (ठाणे)

उत्तर : अवघड आहे, कारण ते दिवस उलटून गेले आणि त्या दिवसांत कव्हर लागू होतं. तरी कंपनीला लेखी कळवून सहीसकट पूर्ण कराराची प्रत मागवा. त्यात त्या दोन ओळींसमोर ‘डिक्लाइन’ असेल, किंवा सहीच नसेल, तर पैसे परत मागा. नाही दिले तर कार्डाच्या बँकेकडे तक्रार करा. ‘अ‍ॅक्सेप्ट’वर तुमची सही असेल तर बँकही फारसं काही करू शकत नाही.

गोम त्या टॅबमध्ये आहे. प्रत्येक कव्हरसाठी वेगळा पडदा येतो. ‘डिक्लाइन’च्या बाजूला ‘संपूर्ण नुकसानीची जबाबदारी मी घेतो’ अशा अर्थाचं लांब वाक्य असतं, ‘अ‍ॅक्सेप्ट’ मात्र एका शब्दाचं. तासन्‌तास विमानात काढून आलेल्या माणसाचं बोट कुठे जाईल, हे उघड आहे. शेवटच्या सहीआधी ‘एस्टिमेटेड टोटल’ ही ओळ बघा. व्हाउचरची रक्कम, कर आणि विमानतळाचे आकार यांपलीकडे काही दिसलं तर प्रत्येक ओळ कशाची ते विचारा. पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी चूक लक्षात आली तर काउंटरवर परत जाऊन नवा करार करून घेता येतो. गाडी रस्त्याला लागली की ते कठीण होत जातं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. माझी स्वतःची गाडी, तिची पॉलिसी आणि क्रेडिट कार्डावरचं कव्हर, तिन्ही आहेत. टेक्सासमध्ये काउंटरवर सांगितलं की दुसऱ्या राज्याची पॉलिसी इथे चालत नाही आणि कार्ड ‘लॉस ऑफ यूज’ देत नाही. खरं आहे का?

उत्तर : पहिलं चूक. अमेरिकेतली खासगी मोटार पॉलिसी सगळ्या राज्यांत आणि कॅनडातही लागू असते, मेक्सिकोत नाही. तुमच्या पॉलिसीत ‘कोलिजन’ (धडकेचं नुकसान) आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ (चोरी, वादळ असं बाकीचं नुकसान) असेल तर भाड्याची गाडीही सहसा त्यात येते, डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातली आपण भरायची ठरलेली रक्कम, तेवढी तुमची.

दुसरं अर्धवट. गाडी दुरुस्तीला उभी असताना बुडालेलं भाडं म्हणजे ‘लॉस ऑफ यूज’. घरच्या पॉलिसीतून ते अनेकदा मिळत नाही. अनेक कार्डं देतात, पण भाडेकंपनीने ‘फ्लीट युटिलायझेशन लॉग’ दिला तरच, म्हणजे त्या दिवसांत त्यांच्या बाकीच्या गाड्या खरोखर बाहेर होत्या याची नोंद दिली तर. अपघात झालाच तर हा कागद पहिल्याच पत्रात मागा. दावे बरेचदा याच्यावाचून अडतात.

कार्डाचं कव्हर बुडतं ते मात्र बहुधा आपल्याच हाताने. पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरलेलं हवं, मुख्य चालक कार्डधारकच हवा, आणि काउंटरवरची एलडीडब्ल्यू स्पष्ट नाकारलेली हवी. ती घेतली की कार्डाचं कव्हर गेलं. बऱ्याच कार्डांवर देशात 15 आणि परदेशात 31 सलग दिवसांची मर्यादा असते. अ‍ॅपवरून घेतलेली कुणाची खासगी गाडी, मोठी व्हॅन, पिकअप हे सहसा वगळलेलं असतं. आणि कार्ड थर्ड पार्टीचा एक डॉलरही देत नाही. ते काम तुमच्या पॉलिसीचं.

प्रश्न : इटलीत ‘सुपर कव्हर घ्या, रोज 25 युरो, नाहीतर कार्डावर 2,000 युरो अडकवू’ असं सांगितलं. मी इंटरनेटवर वेगळा विमा काढला होता, तो ‘इथे चालत नाही’ म्हणाले. (पुणे)

उत्तर : दोघंही आपापल्या जागी बरोबर. युरोपात थर्ड पार्टी विमा कायद्यानेच गाडीसोबत येतो. सीडीडब्ल्यू आणि चोरीचं संरक्षणही सहसा भाड्यात असतं, फक्त पहिले हजार-दोन हजार युरो तुमच्यावर राहतात. त्याला एक्सेस म्हणतात. सुपर कव्हर तो एक्सेस उतरवतं. तुम्ही बाहेर काढलेला विमा वेगळ्या रीतीने चालतो : आधी भाडेकंपनीला तुम्ही भरायचं, मग बिल, करार आणि नुकसानीचा अहवाल देऊन विमाकंपनीकडून परत घ्यायचं. भाडेकंपनीशी त्याचा संबंध नाही, म्हणून त्यांची डिपॉझिट अडकवण्याची अट कायम राहते.

म्हणजे तयारी हवी ती कार्डाची. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड, आंतरराष्ट्रीय वापर चालू केलेला (रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवं कार्ड तसं चालू नसतं), आणि हॉटेलचे पैसे धरून पुरेल अशी मर्यादा. मर्यादा कमी पडली की सुपर कव्हर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ‘रुपयांत आकारू का?’ असं मशिनने विचारलं तर युरोच निवडा. रुपयांतला दर जवळजवळ नेहमी महाग पडतो.

टायर, काच, टप, गाडीचा तळ आणि चुकीचं इंधन हे साध्या सीडीडब्ल्यूत बहुतेकदा नसतं. बाहेरचा विमा निवडताना हेच शब्द शोधा.

प्रश्न : गोव्यात सेल्फ-ड्राइव्ह गाडीसोबत ‘डॅमेज प्रोटेक्शन’ विकतात. घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती भाड्याने द्यायला परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. गाडी ठोकली की मालकाचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि तो तुमच्या मागे लागतो. नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की विम्याची मुदत दिसते.

‘प्रोटेक्शन’ म्हणजे विमा पॉलिसी नव्हे, नुकसानीपोटी तुमच्याकडून जास्तीत जास्त किती घ्यायचं याची, देणाऱ्याने घातलेली एक मर्यादा. ती किती रुपयांची, आणि क्लच, टायर, काच, तळ त्यात आहेत का, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. लेखी देत नसतील तर घेऊ नका. निघण्याआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा : चारही बाजू, चारही रिम, बंपरची खालची कड, काच, इंधनाचा काटा. आणि गाडी किनाऱ्यावर उतरवू नका. गोव्यात ते बेकायदा आहे, आणि वाळूत रुतलेल्या गाडीचा खर्च असले करार बहुधा तुमच्याच माथी ठेवतात.