वाचकांचे प्रश्न : मोटारीतला हॅम रेडिओ

मोटारीत हौशी रेडिओचा (हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून ठेवलेला बिनतारी संपर्क) सेट बसवण्याविषयी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. सेट कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे बहुतेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर मुद्दामच दिलेले नाही, कारण मोटारीतले केंद्र चांगले चालते की नाही हे सेटपेक्षा बॅटरीपासून आणलेली वायर, छतावरचा अँटेना आणि नीट घेतलेली अर्थ (गाडीच्या धातूच्या बॉडीशी केलेली विद्युत जोडणी) यांवर अधिक ठरते, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : मी परवानाधारक हॅम आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ५० वॅट क्षमतेचा सेट नव्या मोटारीत बसवला. गाडीच्या वायरमनने तो सिगारेट लायटरच्या सॉकेटवर जोडून दिला. ऐकू उत्तम येते, परंतु पूर्ण शक्तीवर बोलू लागलो की सेट बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. सेटमध्येच दोष असेल का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सेट बहुधा निर्दोष आहे. ऐकताना असा सेट अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. माइकचे बटण दाबताच तो दहा ते बारा अँपिअर ओढू लागतो. लायटरच्या सॉकेटला येणारी वायर बारीक असते, आतला स्पर्श केवळ स्प्रिंगच्या जोरावर टिकलेला असतो, आणि त्याचा फ्यूज सहसा दहा ते पंधरा अँपिअरचा असल्यामुळे तो कायम काठावर राहतो. पाच-दहा वॅटवर बोलायचे असेल तर हे सॉकेट चालून जाते, त्यापुढे ते वापरू नये.

खात्री करून घेणे सोपे आहे. अँटेना जोडलेला ठेवून इंजिन सुरू करा, मल्टिमीटरच्या दोन्ही सुया सेटच्या मागच्या पॉवर कनेक्टरला लावा आणि सोबत्याला बटण दाबायला सांगा. इंजिन चालू असताना तेथे साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. बटण दाबल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घसरला, तर दोष वायरिंगचा आहे असे समजावे. बॅटरीपासून आसनाखालच्या सेटपर्यंत चार मीटर वायर लागते असे धरले, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबे होते. एक चौरस मिलिमीटरच्या वायरीत अकरा अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम पाव व्होल्ट. वायरीवर काही शे रुपये अधिक गेले तरी चालतील, पण येथे काटकसर करू नये.

धन वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि तिच्यात पंधरा अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवावा. हा फ्यूज मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो सेटजवळ लावला आणि वायर बॉनेटखाली कुठे घासून बॉडीला टेकली, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा सगळा भाग तापून पेट घेऊ शकतो. बॉनेटमधून आत येताना गाडीचे मूळ रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला वायर घासू न देणारे कडे) जिथे असेल तिथूनच वायर घ्यावी. नवे भोक पाडावे लागलेच तर त्याची कड कानसीने घासून ग्रोमेट बसवल्याशिवाय त्यातून वायर नेऊ नये.

ऋण वायरीबाबत नव्या गाड्यांत एक दक्षता घ्यावी लागते. अनेक गाड्यांच्या ऋण टर्मिनलवर बॅटरीचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. सेटची ऋण वायर थेट त्या टर्मिनलवर जोडली तर सेटचा प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो. म्हणून बॅटरीची स्वतःची ऋण केबल बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे सेटची वायर लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून जोडावी, आणि नवा बोल्ट वापरत असाल तर त्याखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करून घ्यावा. जुन्या गाडीत थेट टर्मिनलवर जोडणार असाल तर ऋण वायरीतही फ्यूज हवा. इंजिनाची अर्थपट्टी कधी सैल झाली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह सेटच्या वायरीतून परतण्याचा मार्ग शोधतो.

अशी थेट जोडणी केल्यावर किल्ली काढली तरी सेट चालू राहू शकतो. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला बारा अँपिअर-तास. लहान मोटारीची पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत बसते. उतरताना सेट बंद करावा, आणि स्टार्टर मारतानाही तो बंद असावा.

प्रश्न : गाडीला सनरूफ आहे आणि छताला भोक पाडण्याची घरच्यांची तयारी नाही. चुंबकाचा अँटेना लावला, तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते त्याचे माप; कमी तितके बरे) २.८ दाखवतो. काय करावे? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : घरच्यांचे म्हणणे मानले तरी अडत नाही, चांगला चुंबकी तळ या पट्ट्यासाठी पुरेसा आहे. मात्र पाव-तरंग (तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतक्या लांबीच्या) अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे त्याच्याखालचा पत्रा, हे लक्षात ठेवावे. काचेच्या कडेला चिकटवलेल्या अँटेनाला एका बाजूला पत्राच मिळत नाही. सनरूफच्या मागे जो सलग पोलादी भाग उरतो, त्याच्या मध्यभागी तळ ठेवावा. तेथे प्रवाशांच्या डोक्यावर धातूचे छतही येते, त्यामुळे प्रक्षेपणापासून त्यांना आडोसा मिळतो. डिकीच्या कडेला लावलेल्या अँटेनाबाबत असे म्हणता येत नाही.

२.८ एसडब्ल्यूआर म्हणजे जवळपास बावीस टक्के शक्ती परत येते, आणि बहुतेक सेट स्वतःला वाचवण्यासाठी आणखी शक्ती कमी करतात. जागा बदलून पुन्हा मोजा. मोजणी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये किंवा पत्र्याच्या शेडजवळ करू नये. मोकळ्या मैदानात, दारे लावून, कमीत कमी शक्तीवर आणि मोकळी वारंवारता पाहून करावी. १४४.२, १४५ आणि १४५.८ अशा तीन ठिकाणी आकडे घ्यावेत. खालच्या टोकाला आकडा सर्वांत कमी आणि वर चढत जात असेल, तर अँटेना लांब आहे. १४५ मेगाहर्ट्झला पाव-तरंगाची काडी सुमारे ४९ सेंटिमीटर भरते, आणि एक मेगाहर्ट्झ वर सरकायला साधारण साडेतीन मिलिमीटर कापावे लागतात. म्हणून एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नये. तिन्ही ठिकाणी आकडा सारखाच वाईट असेल, तर काडीला हात न लावता केबलचा कनेक्टर उघडून पाहावा. केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या पिनेला टेकलेली सापडण्याचा संभव मोठा असतो.

आपल्याकडच्या धुळीसाठी एक सूचना : चुंबक ठेवण्यापूर्वी छत आणि चुंबकाचा तळ दोन्ही ओल्या फडक्याने पुसावेत, अन्यथा खाली अडकलेले कण रंगावर वर्तुळाकार ओरखडे पाडतात. केबल मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातील रबरामधून आत घ्यावी. खिडकीच्या काचेत ती चिणू नये, तसेच पुढच्या खांबावरून नेऊ नये, कारण पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तेथे असू शकते. सेटचा पुढचा भाग लावतानाही एअरबॅगच्या झाकणासमोरची जागा सोडून द्यावी.

प्रश्न : इंजिन सुरू केले की ७ मेगाहर्ट्झवर शिट्टीसारखा आवाज येतो. — एक वाचक, मोहोळ

उत्तर : ॲक्सिलरेटर दाबल्यावर शिट्टीचा सूर चढत असेल, तर ती अल्टरनेटरची आहे आणि बहुधा पॉवरच्या वायरीतूनच येते; वर सांगितलेली थेट जोडणी आणि स्वच्छ अर्थ केल्यावर ती बरीच ओसरते. पेट्रोल इंजिनाची टकटक स्पार्क प्लगांची असते, ती डिझेल गाडीत नसते. इंजिनाच्या वेगाशी संबंध नसलेली सलग खरखर असेल, तर आधी मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम उपसून पाहावेत. स्वस्त चार्जर हा आजच्या मोटारीतला सर्वांत मोठा उपद्रव आहे. फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या चुंबकी पदार्थाच्या) क्लिपा त्याच्या वायरीवर लावता येतात, पण चार्जर बदलणे अधिक बरे. त्यानंतरही खरखर उरली, तर बॉनेट आणि सायलेन्सरची नळी विणलेल्या तांब्याच्या पट्टीने बॉडीला जोडावी.

प्रश्न : आषाढी वारीच्या काळात पंढरपुरात मोबाइलवर बोलणे कठीण होते. आमच्या मंडळातील हॅम मित्रांना मोटारीतून सोलापूर-पंढरपूर संपर्क ठेवता येईल का? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : हा विचार मनापासून स्वागतार्ह आहे, परंतु मोटारीतून मोटारीत थेट संपर्क १४५ मेगाहर्ट्झवर होईल अशी आशा धरू नये. या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाच्या उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून ४.१ ने गुणले की रेडिओ क्षितिज किलोमीटरांत मिळते, आणि दोन्ही टोकांची बेरीज म्हणजे अंतराचा अंदाज. दोन्ही अँटेना दीड मीटरवर असतील तर बेरीज दहा किलोमीटर होते. एक अँटेना वीस मीटर उंच इमारतीवर नेला, तर सुमारे तेवीस. सोलापूर ते पंढरपूर हे अंतर सरळ रेषेतही साठ किलोमीटरच्या आसपास आहे आणि मधला मुलूख सपाट आहे. वॅट वाढवून हे अंतर तुटत नाही, उंचीनेच तुटते. भोवतालच्या जमिनीपासून दोनशे मीटर उंच डोंगरावर रिपीटर (ऐकलेला संदेश लगेच पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) असेल, तर याच हिशेबाने मोटारीला साठ किलोमीटरचा पल्ला मिळतो. रिपीटर वापरताना त्याची शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतांतला फरक), जी या पट्ट्यात सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ असते, आणि टोन (रिपीटर सुरू करणारा सूर) सेटमध्ये आधीच भरून ठेवावेत. गर्दीत उभे राहून मेनू शोधणे जमत नाही.

रिपीटर मिळाला नाही, तर आमची शिफारस अशी. दोन शहरांमधल्या दुव्यासाठी ७ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. त्यावरच्या लहरी दिवसा आकाशाकडे उभ्या जाऊन परत येतात आणि शंभर-दोनशे किलोमीटरचा परिसर भरून काढतात. पण तो सेट मोटारीतल्या काडीवर चालवू नये. या पट्ट्यावर पाव-तरंग दहा मीटरचा होतो. अडीच मीटरची कॉइल लावलेली काडी शंभर वॅटपैकी दहा-पंधरा वॅटच हवेत सोडते, बाकीची शक्ती कॉइलमध्ये आणि जमिनीत उष्णता होऊन जाते. शिवाय उभी काडी नेमकी डोक्यावरच्या दिशेला सर्वांत कमी सोडते. त्याऐवजी पंढरपुरात एखाद्या गच्चीवर दहा-दहा मीटरच्या दोन तारांचा डायपोल अँटेना ताणून स्थिर केंद्र उभारावे, सोलापुरातही तसेच करावे, आणि मोटारी १४५ मेगाहर्ट्झवर त्या केंद्रांभोवती फिरत्या ठेवाव्यात. स्थिर केंद्राचा पत्ता परवान्यातील पत्त्याहून वेगळा असेल, तर त्याची परवानगी वेळेत घ्यावी. जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी आधी बोलून कोणते निरोप कोणी पाठवायचे हे ठरवून घ्यावे, आणि वारीपूर्वी एकदा पूर्ण तालीम करावी. व्यापारी स्वरूपाचे निरोप हौशी केंद्रावरून पाठवता येत नाहीत, हे मंडळातील सर्वांना सांगून ठेवणे बरे.

प्रश्न : उन्हाळ्यात उभ्या गाडीत सेट खराब होईल का? — एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ऐकताना फारसे भय नाही, बोलताना आहे. ५० वॅट सोडणारा सेट १३.८ व्होल्टला अकरा अँपिअर, म्हणजे दीडशे वॅट घेतो. उरलेले शंभर वॅट त्याच्याच अंगात उष्णता होऊन राहतात. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या लांबलचक बोलणे म्हणजे ती उष्णता आधीच भाजलेल्या पेटीत ओतणे. दारे उघडून गाडी थोडी निवू द्यावी, आणि शक्ती २५ वॅटवर आणावी. समोरच्याला हा फरक जाणवलाच तर अगदी थोडा जाणवतो. सेट आसनाखाली ठेवताना पंख्याचे तोंड गालिच्याने झाकले जाणार नाही, इतके पाहावे.

प्रश्न : गाडी चालवताना बोलले तर चालते का? पोलिसांनी हटकल्यास काय दाखवावे? — एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : चालवणाऱ्याने बोलू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, हातात धरायची संपर्क साधने वापरत वाहन चालवणे धोकादायक ठरवले आहे, आणि हातातला माइक त्यात येत नाही असा युक्तिवाद रस्त्यावर करण्यात अर्थ नाही. कायदा बाजूला ठेवला तरी पुणे-हैदराबाद महामार्गावर उसाच्या ट्रॉलीमागून जाताना एका हातात माइक असणे आम्हाला मान्य नाही. चालवताना ऐकावे, उत्तर द्यायचे असल्यास गाडी सुरक्षित जागी उभी करावी किंवा शेजारी बसलेल्या परवानाधारकाला बोलू द्यावे.

परवान्याची प्रत गाडीत असावी. त्यात केंद्राचा पत्ता नोंदलेला असतो, म्हणून वाहनातून प्रक्षेपण करण्याच्या अटी आणि आपल्या श्रेणीला मंजूर असलेली कमाल शक्ती सेट बसवण्यापूर्वीच वाचून घ्यावी, आणि शंका असल्यास दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेला लेखी विचारावे. पेट्रोल पंपावर सेट बंद ठेवावा. दगडखाणीजवळून जाताना सुरुंगाची पाटी दिसली, तर ती ओलांडून पुरेसे दूर जाईपर्यंत बटणाला हात लावू नये. विजेवर उडणारे डिटोनेटर जवळच्या प्रक्षेपणाने पेटू शकतात.