बाबांच्या अठरा लाखांबद्दल

अनेक आशीर्वाद.

बाबांची ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून अठरा लाख खात्यात आले आणि आठवडाभरात तिघेजण चहाला येऊन गेले, हे वाचून हसू आलं. एसटीतला माणूस निवृत्त झाला की बातमी घराआधी स्टँडवर पोचते. त्यातले पतसंस्थेचे संचालक बाबांचे जुने स्नेही आहेत, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतो म्हणतात, आणि नाही कसं म्हणायचं हा तुझा पेच आहे.

आधी त्या दोन टक्क्यांचा हिशेब कर. अठरा लाखांवर वर्षाला छत्तीस हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार. हे तीन हजार कशाच्या बदल्यात मिळतायत, तेवढं बघ.

संचालकांनी नमुन्याची पावती दिली असेल तर ती हातात घे. वरचं ठळक नाव आणि लोगो सोडून दे, नावाचं शेपूट वाच. 'सहकारी बँक लि.' असेल तर गोष्ट वेगळी. 'पतसंस्था मर्यादित', 'मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी' किंवा 'निधी' असेल तर त्या ठेवीला ठेव विम्याचं, म्हणजे बँक बुडाली तर ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत मिळण्याच्या हमीचं, संरक्षण नाही. काउंटर, पासबुक, पिग्मी एजंट, टाय लावलेला मॅनेजर, सगळं बँकेसारखंच असतं. मागे विमा महामंडळ मात्र उभं नसतं. जळगावच्या बीएचआर आणि बीडच्या ज्ञानराधा ह्या मल्टिस्टेट पतसंस्थांचे ठेवीदार हे ठेवी अडकल्यावर शिकले. सगळ्या पतसंस्था बुडव्या असतात असं मी म्हणत नाही. चांगल्या, काटेकोर चालणाऱ्याही पाहिल्यात. पण चांगली कुठली हे बाहेरून ओळखायची सोय ठेवीदाराला नाही.

बँकेला ती हमी आहे, तीही सहज मिळालेली नाही. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १५०० रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि मग सत्तावीस वर्षं कुणी हात लावला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली, कारण मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं प्रकरण घडलं होतं.

पीएमसीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बँक आतून कशी पोखरते ते तिथे दिसतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं सांगितलं. ओरड झाल्यावर दहा हजार, मग पंचवीस, असं वाढत गेलं. बँकेच्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त पैसा एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहात अडकला होता आणि तो झाकायला एकवीस हजारांवर बनावट कर्जखाती दाखवली होती. वार्षिक अहवालात थकबाकी किरकोळ! मी सहकारी बँकांचं ऑडिट करायचो तेव्हा कर्जाची फाइल उघडली की रकमेआधी पत्ता आणि जामीनदार बघायचो. चार वेगळ्या कर्जदारांचा पत्ता एकच, किंवा हा त्याला जामीन आणि तो ह्याला, असं दिसलं की पुढची पानं सावकाश उलटायची. ठेवीदाराला ह्या फायली कधीच दिसत नाहीत. म्हणून 'बँक चांगली आहे, मी चौकशी केली' ह्या वाक्यावर माझा विश्वास नाही, मग ते कुणीही म्हणो.

त्यातून पैसे मिळाले तरी कधी, हा प्रश्न वेगळाच. आधी नियम असा होता की बँकेचा परवाना रद्द झाल्यावर किंवा विलीनीकरण झाल्यावरच विम्याचे पैसे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षं म्हातारी माणसं औषधपाण्यासाठी अर्ज करून स्वतःचेच पैसे मागत होती. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे आधी, मोठ्या ठेवीदारांचे उरलेले दहा वर्षांच्या हप्त्यांत. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता पैसे काढण्यावर निर्बंध आले की साधारण नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळायला हवी. विलीनीकरण चालू असेल तर अजून नव्वद दिवस लागू शकतात. माझ्या मते पाच लाखांच्या आकड्यापेक्षा ही सुधारणा मोठी आहे, पण तिची चर्चा कमी झाली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हच्या तिजोरीतली १२२ कोटींची रोकड गायब असल्याचं उघड झालं, आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वतमध्ये विलीन होऊन ठेवीदार सुटले. येस बँकेवरची पन्नास हजारांची मर्यादा तर मार्च २०२० मध्ये दोन आठवड्यांत उठली. मोठ्या बँकेसाठी सगळे धावतात, लहान बँकेला सामावून घेणारी बँक शोधावी लागते. हे न्याय्य नाही, पण आहे हे असं आहे.

आता तुमची मांडणी. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखांची बेरीज होते. पाच लाख पाच वर्षं साडेसात टक्क्यांनी चक्रवाढीला ठेवलेस तर सव्वासात लाखांच्या आसपास होतात. वरचे सव्वादोन उघड्यावर. म्हणून सव्वातीन लाखच ठेव, किंवा व्याज तिमाहीला खात्यात घे. बाबांची एकट्याची, आईची एकटीची आणि दोघांची संयुक्त ठेव ह्या वेगवेगळ्या मोजल्या जातात. त्या बँकेचं कर्ज असेल तर ते आधी वळतं करतात. शेअरच्या रकमेला विमा नाही, तेव्हा 'सभासद व्हा, लाभांशही मिळेल' ह्याला भुलू नकोस.

पण ह्या सगळ्याआधी पोस्टात जा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि मागे थेट सरकार आहे. बाबा अठ्ठावन्नला निवृत्त झालेत, साठ पूर्ण नाहीत, तरी चालतं. मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. तारीख आजच कॅलेंडरवर लिही. दहा-बारा लाख तिथे, उरलेले दोन बँकांत, आणि अडीअडचणीला लागतील एवढे बचत खात्यात. गावच्या सहकारी बँकेतलं बाबांचं पेन्शनचं खातं मोडायची गरज नाही. तिथे माणसं ओळखीची आहेत, सही जुळली नाही तरी कुणी हाकलत नाही. फक्त त्यात लाखांचा ढीग नको.

संचालकसाहेबांना पैसे पोस्टात गुंतवले म्हणून सांग, लेकीने परस्पर केलं म्हण हवं तर. बाबांना वाईटपणा नको, तू घे. आणि प्रत्येक पावतीवर वारसनोंद झाली आहे का ते स्वतः बघ. 'साहेब करून देतील' वर सोडू नकोस. पोस्टाचा फॉर्म भरताना अडलीस तर रविवारी फोन कर, दुपारी मी झोपतो, चारनंतर.

तुझा काका