आई-बाबांना प्राचीन ग्रीस बघायचंय, ४ रात्रींची क्रूझ पुरेल का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: आई-बाबा ६५ च्या पुढचे, आईंचे गुडघे कुरकुरतात, दोघांनाही इतिहासाचं वेड, आणि ट्रॅव्हलवाल्याने ४ रात्रींची क्रूझ गळ्यात मारायला घेतलीये ज्यात ५ बेटं आणि वर तुर्कस्तान. मी हे दोन्ही प्रकारे केलंय, एकदा नवऱ्याबरोबर अशाच ४ रात्रींच्या क्रूझने आणि २ वर्षांनी आईला घेऊन साध्या फेरी बोटीने, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

जहाज म्हणून क्रूझ छानच. सामान एकदा खोलीत टाकलं की संपलं, रोज बॅगा भरा-उपसा नाही, जेवण तयार, म्हाताऱ्या माणसांना हे फार मोठं सुख आहे. पण अवशेष बघायला म्हणून जाणार असाल तर ब्रोशरवर किती बेटं लिहिलीत ते बघूच नका, प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागतं आणि किती वाजता सुटतं तेवढंच बघा. आम्ही बेटं मोजली आणि तिथेच फसलो.

झालं असं की पायरियसहून (अथेन्सचं बंदर) सकाळी निघालो आणि मायकोनोसला पोचलो संध्याकाळी सहाला. ब्रोशरमध्ये मायकोनोसच्या पानावर डेलॉसच्या (शेजारचं प्राचीन अवशेषांचं बेट) दगडी सिंहांचा झक्क फोटो होता, मी तर घरून वाचून गेले होते. उतरल्यावर काउंटरवर विचारलं तर ती मुलगी हसली आणि म्हणाली डेलॉसच्या बोटी दिवसा असतात. मायकोनोसहून डेलॉस जेमतेम अर्ध्या तासावर, पण तिथे रात्री कुणाला राहू देत नाहीत, साइट बंद झाली की सगळ्यांना परत यावं लागतं. म्हणजे ज्या बेटासाठी गेले ते समोर दिसतंय आणि मी पांढऱ्या गल्लीत फ्रिज मॅग्नेट बघतेय. चीड आली होती, खरं सांगते.

म्हणून दुसऱ्या वेळी आईला थेट तिथेच नेलं. मायकोनोसला २ रात्री राहिलो, पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे बोटी रद्द (तिकडे उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, जुलै-ऑगस्टमध्ये जास्तच), दुसऱ्या दिवशी गेलो. तेव्हा डेलॉस करायचं असेल तर एक दिवस जास्तीचा हातात ठेवाच.

डेलॉसबद्दल थोडं सांगते कारण बहुतेक टूरवाले हे बेट गाळतात. ग्रीकांचा देव अपोलो, त्याचा जन्म इथला, जुळी बहीण आर्टेमिस हिचाही. त्यामुळे अख्खं बेट पवित्र. इसवी सन पूर्व ४२६ च्या सुमारास अथेन्सवाल्यांनी बेट ‘शुद्ध’ करायचं ठरवलं, होती नव्हती तेवढी थडगी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर नेली आणि नियम केला की यापुढे डेलॉसवर कुणी जन्मायचं नाही आणि मरायचंही नाही. दिवस भरलेल्या बायका आणि अखेरच्या घटका मोजणारे, दोघांनाही होडीत घालून पलीकडे पाठवायचे. आईला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे माहेर आणि काशी एकाच होडीत.

बरं, पवित्र म्हणून पैशांचं वावडं नव्हतं हां. इराणी सैन्याविरुद्ध ग्रीक शहरांनी जो संघ केला त्याची तिजोरी इथेच होती, इसवी सन पूर्व ४५४ मध्ये अथेन्सने ती उचलून स्वतःकडे नेली आणि पुढच्या ७ वर्षांत पार्थेनॉनचं (अक्रोपोलिस टेकडीवरचं मोठं देऊळ) काम सुरू झालं. अथेन्समध्ये आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो त्यात या बेटावरच्या पेटीतले पैसे मुरलेत. नंतर रोमन लोकांनी इसवी सन पूर्व १६६ मध्ये इथे करमुक्त बंदर केलं आणि मग तर बाजारच भरला, स्ट्रॅबो हा प्राचीन भूगोलकार लिहितो की एका दिवसात १०,००० गुलामांची आवक-जावक होऊ शकायची. व्यापारी आपापले देव घेऊन आले, टेकडीच्या वाटेवर इजिप्तच्या इसिस देवीचं देऊळ आहे, सीरियन देवांची जागा आहे. श्रीमंतांच्या घरांतली मोझाइकची जमीन अजून जागच्या जागी आहे, चित्त्यावर बसलेला मद्याचा देव दिओनिसस तर बघतच राहावा. मग इसवी सन पूर्व ८८ आणि ६९ मध्ये दोन हल्ले झाले आणि बेट जवळजवळ ओस पडलं. ओस पडलं म्हणूनच तर शिल्लक राहिलं! वर कुणी नवीन गाव बांधलंच नाही.

सिंह बाहेर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळचे नाक्सोसच्या संगमरवराचे सिंह बेटावरच्याच म्युझियममध्ये हलवलेत. दिओनिससच्या जागेजवळ चौथऱ्यांवर भली मोठी संगमरवरी लिंगं उभी आहेत (तुटकी), आमच्या पुढचा ग्रुप खुसखुसत होता, आईने सवयीने नमस्कार केला आणि पुढे गेली.

गुडघ्यांच्या दृष्टीने, खालचा भाग बराच सपाट आहे पण दगड उंचसखल, आणि सावली अजिबात नाही. किंथोस टेकडी ११२ मीटरच, तरी पायऱ्या वाईट आहेत, आई खालीच बसली. टोपी आणि पाणी बरोबर असू द्या.

आता क्रूझच्या बाकी बंदरांचं भरभर सांगते. कुशादासी तुर्कस्तानात, तिथून एफेसस हे प्राचीन शहर. आमच्या क्रूझमधला सगळ्यात समाधानाचा अर्धा दिवस हाच, कारण जहाज सकाळी लागलं आणि साइट जवळ. संगमरवरी रस्ता उतरत जातो आणि खाली सेल्ससचं ग्रंथालय, आई-बाबांना आवडेल. फक्त शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागा, कारण तुर्कस्तानात उतरलात की शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि तुर्की व्हिसाचं काय ते बुकिंगचे पैसे भरायच्या आधी क्रूझवाल्यांकडून लेखी घ्या, तोंडी नको. पॅटमॉसला धार्मिक लोक जातात, सेंट जॉनची गुहा आहे. ऱ्होड्सचं जुनं शहर सुंदर पण ते सरदारांचं, मध्ययुगीन. प्राचीन म्हणाल तर त्याच बेटावरच्या लिंडोसचा अक्रोपोलिस, आणि तिथे चढ आहे.

क्रीटला हेराक्लिऑन बंदरात आम्हाला सकाळी सात ते दुपारी बारा एवढाच वेळ होता. क्नोसॉस, म्हणजे तिथला प्राचीन राजवाडा, बंदरापासून साधारण ५ किलोमीटर. आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्ववाल्याने १९०० साली खोदायला घेतलं आणि नुसतं खोदलं नाही तर काँक्रीट ओतून मजले परत उभे केले, लाल खांब वगैरे. अभ्यासक अजून त्यावरून भांडतात, मला विचाराल तर सामान्य माणसाला त्यामुळे वाडा निदान डोळ्यांपुढे उभा राहतो. पण भिंतींवरची चित्रं तिथे नकला आहेत, मूळ चित्रं हेराक्लिऑनच्या म्युझियममध्ये, बैलावरून उडी मारणारा गडी वगैरे, शिवाय सापवाल्या देवीची मूर्ती आणि फेस्टॉसची मातीची तबकडी जी अजून कुणाला वाचता आलेली नाही (आपल्या सिंधू लिपीसारखंच दुखणं). पाच तासांत दोन्ही होत नाही. आमच्या गाइडने क्नोसॉसनंतर चामड्याच्या दुकानात पाऊण तास घालवला, म्युझियम राहिलंच.

सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, ज्वालामुखीच्या खळग्यात थांबतात आणि छोट्या बोटींनी खाली उतरवतात. तिथून वर फिरा नावाच्या गावाला जायला केबल कार किंवा ५००-६०० पायऱ्या किंवा खेचरं. खेचरं नको. केबल कारची रांग मात्र दोन-तीन जहाजं एकदम आली की संपता संपत नाही, आई-बाबांना उन्हात तास-तास उभं राहावं लागू शकतं. जहाजाची सहल घेतली तर बहुतेकदा दुसऱ्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेतात, इथे ते पैसे वसूल आहेत. आणि २०२५ च्या जुलैपासून क्रूझ प्रवाशांना उन्हाळी मोसमात सँटोरिनी आणि मायकोनोसला उतरायचे माणशी २० युरो लागतात, ते पॅकेजमध्ये धरलेत का विचारा.

सगळे ओइया गावातला सूर्यास्त बघायला पळतात. तुम्ही अक्रोतिरीला जा. साधारण ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव, दोन-तीन मजली घरं, वरच्या मजल्यावर संडास आणि त्याची नळी भिंतीतून खाली गटारात. १९६७ पासून ग्रीक पुरातत्त्वज्ञ मारिनातोस यांनी ते खोदलं. माणसांचे सांगाडे काही सापडले नाहीत, म्हणजे भूकंपाचे धक्के बसल्यावर लोक वेळेत निघून गेले असावेत, रांजण तेवढे मागे ठेवून. वरून छप्पर आहे, चालायला बांधलेली वाट आहे, म्हणजे ऊनही नाही आणि गुडघ्यांनाही सोपं. तिथलं निळ्या माकडांचं भिंतचित्र फिराच्या म्युझियममध्ये आहे, काही वर्षांपूर्वी माकडांच्या अभ्यासकांनी शेपटीच्या ठेवणीवरून ती आपल्याकडची वानरं असावीत असं मांडलं, म्हणजे सिंधू खोऱ्याकडून कुणीतरी बघून गेलेलं. आई काचेसमोरून हलेना, म्हणे ही तर आपल्या जोतिबावरची.

मी मूळ कोल्हापूरची. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) छोटी ब्राँझची मूर्ती आहे, सातवाहन काळात रोमन व्यापारातून आलेली. शाळेच्या सहलीत ती पाहिली होती तेव्हा काडीचं कळलं नव्हतं. अथेन्सच्या नॅशनल म्युझियममध्ये समुद्रातून वर काढलेला दोन मीटर उंच ब्राँझचा देव उभा आहे, देवांचा राजा झ्यूस की पोसायडन ते ठरत नाही कारण हातातलं आयुध गेलंय, त्याच्यासमोर मला ती कोल्हापूरची चिमुकली मूर्ती आठवली. तेव्हा क्रूझच्या आधी किंवा नंतर अथेन्सला ३ दिवस ठेवाच, नुसता अक्रोपोलिस उरकून पळू नका.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? पैशांची अडचण नसेल तर छोटी जहाजं, शे-दोनशे माणसांची, पुरातत्त्वातला माणूस बरोबर असतो. ती डेलॉसपाशीच थांबतात, नाफ्प्लिओ बंदराला लागतात तिथून मायसिनी आणि एपिडाउरोस ही प्राचीन ठिकाणं होतात, इटेआ बंदराहून डेल्फी. महाग आहेत, बरीच महाग. ते जमणार नसेल तर ७ रात्रींची मोठी क्रूझ बघा ज्यात काताकोलो बंदर असेल, तिथून ऑलिम्पिया जवळ आहे. आणि तेही नको असेल तर आम्ही आईबरोबर केलं तसं, अथेन्स, मायकोनोस, सँटोरिनी, फेरीने, घाई नाही. ४ रात्रीवाली घ्यायचीच असेल तर डेलॉस त्यात होणार नाही हे आई-बाबांना आधी सांगून टाका, म्हणजे तिथे जाऊन हिरमोड नको. महिना मे किंवा सप्टेंबरचा शेवट. भर उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली की अक्रोपोलिस दुपारी बंद ठेवतात.

शाकाहारी असाल तर घाबरू नका. ग्रीक लोकांच्या उपासाच्या पदार्थांत मांस-अंडं-दूध काही नसतं, ‘निस्तिसिमो’ म्हणून विचारा (कोलंबी, कालवं मात्र त्यांना उपासाला चालतात, तेवढं बघून घ्या). सँटोरिनीची फावा म्हणजे डाळ शिजवून घोटलेली, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. आईने त्याला पिठलं म्हणूनच खाल्लं, दोन दिवस तेच मागवलं. आणि हो, बूट रबरी तळव्याचे घ्या, अक्रोपोलिसवरचा संगमरवर इतक्या पायांनी घासून काचेसारखा झालाय, मी स्वतः तिथे सपशेल बसलेय.