आधी जुना उत्प्रेरक नीट चालव
कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल बनवणं हा संशोधनाचा विषय घेतलास, छान. पण लगेच नवा उत्प्रेरक शोधायला धावू नकोस. तांबं, झिंक ऑक्साइड आणि अॅल्युमिना हा जुनाच उत्प्रेरक स्वतः बनव, २५० अंश सेल्सिअस आणि ५० बार दाबाला चालव, आकडे प्रसिद्ध निकालांशी जुळतात का बघ. तापमान वाढवलंस की रूपांतरण वाढेल, पण बराचसा माल कार्बन मोनॉक्साइडच निघेल. निवडकता, म्हणजे बदललेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी किती मिथेनॉल झालं, हे न देता नुसतं रूपांतरण सांगणारे पेपर मी तरी बाजूला ठेवतो. शिवाय तयार होणाऱ्या पाण्यामुळे तांब्याचे कण एकत्र येऊन मोठे होतात आणि उत्प्रेरक हळूहळू मंदावतो, तेव्हा दोन तासांच्या चाचणीवर खूश होऊ नकोस. प्रकाश-उत्प्रेरणाकडे, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेवर चालणाऱ्या उत्प्रेरकांकडे, वळलास तर कार्बन-१३ (कार्बनचा जड, ओळखता येणारा प्रकार) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरून खात्री कर. उत्पादनातला कार्बन उत्प्रेरकावरच्या सेंद्रिय अवशेषांतूनही येतो. आणि हायड्रोजन कुठून आणणार, याचं उत्तर मुलाखतीआधी तयार ठेव.