नदीवर पहिल्यांदाच काम करायला येताय?

पहिल्या दिवशी कचरा उचलायची घाई करू नका. तासभर काठावर नुसतं बसा. पाण्याचा रंग, वास, फेस, कुठे धार, कुठे डोह, सगळं पाहून ठेवा. नेहमीची नदी ओळखीची झाली, की बिघाड लगेच लक्षात येतो.

मग उथळ धारेतला एक दगड हळूच उलटा. खाली शेपटीला बहुधा ३ तंतू असलेली चपटी पिल्लं दिसली, तर ती मेफ्लाय नावाच्या कीटकाची. मला त्यांना पाहून आजही आनंद होतो, कारण त्यांना भरपूर प्राणवायू असलेलं स्वच्छ पाणी लागतं. नुसत्या लाल अळ्याच वळवळत असतील, तर काळजी करा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरतात. दगड मात्र होता तसाच ठेवा, त्याच्या खालची बाजूच कितीतरी जीवांचं घर असते.

पाण्यात पडलेलं झाड 'घाण' समजून ओढून काढू नका, मासे त्याच्या आडोशाला राहतात. तुटलेली तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी, दिसली तर उचलाच, पक्ष्यांचे पाय तिच्यात अडकतात. काठाच्या मातीच्या कड्यात खंड्याचं बीळ असेल, तर विणीच्या दिवसांत तिथून लांब राहा.

मेलेले मासे दिसले, तर वेळ, जागा आणि फोटो घेऊन तेव्हाच कळवा. उशीर केला, तर दूषित पाणी तोवर पुढे वाहून जातं. हातापायाला जखम असेल, तर पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू तिथून शिरू शकतात. आणि एकटे तर कधीच उतरू नका.