मोडेम, टेलिफोनची लाइन आणि वळवाची वीज

प्रश्न : लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. फॅक्ससाठी संगणकातलाच मोडेम (संगणक टेलिफोनच्या लाइनला जोडणारं कार्ड) वापरतो. वळवाच्या पावसात बोर्डावरचं बटण बंद असूनही मोडेम जळाला. नवीन कार्ड लाइनला कसं जोडावं?

उत्तर : बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलेच राहतात. टेलिफोनची तार खांबांवरून उघड्यावर येते. जवळ वीज पडली की तारेतला दाब मोडेममधून मदरबोर्डवर आणि तिथून अर्थिंगकडे वाट काढतो. म्हणून रोहिणी-मृगात आभाळ भरून आलं की टेलिफोनची आणि विजेची, दोन्ही पिना काढाच. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हात लावू नका.

जोडताना संगणकाची विजेची पिन काढलेली असावी. वायरचं एक टोक मोडेमच्या ‘लाइन’ लिहिलेल्या खाचेत घाला, दुसरं सर्वांत शेवटी भिंतीवरच्या रोझेटमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या डबीत. ‘फोन’ ही खाच टेलिफोन यंत्रासाठी आहे. उघड्या तारांत एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो, पण घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. ओल्या हाताला झटका बसतो. दोन तारा उलटसुलट झाल्या तरी सहसा चालतं. नेटवर्कच्या रुंद, आठ पात्यांच्या खाचेत मात्र टेलिफोनची पिन घालू नका. ती आत जाते, किंचित हलते, आणि घंटी आली की नेटवर्कचा भाग जळू शकतो.

टेलिफोनची खाच असलेला सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला दाब अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) जरूर घ्या, पण अर्थिंग कच्चं असेल तर त्याचा उपयोग नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी टाकत जा. मल्टिमीटर (विजेचा दाब मोजायचं यंत्र) कच्च्या अर्थिंगलाही २३० व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून वायरमनला फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॅटचा जुना, तारेचा दिवा लावून पाहायला सांगा. मिणमिणला तर अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : परभणीतल्या कार्यालयात इंटरकॉम आहे. त्याच्या वायरीला मोडेम जोडला तर चालेल का?

उत्तर : साधा टेलिफोन लावून पाहा. तो वाजला आणि बोलता आलं, तर लाइन अ‍ॅनालॉग आहे, चालेल. खास बटणांचाच संच लागत असेल तर लाइन डिजिटल असते. तिच्यातल्या जादा प्रवाहाने मोडेम जळतो. अ‍ॅनालॉगवर बाहेरच्या लाइनसाठी ० लागत असेल तर ० नंतर स्वल्पविराम टाका, म्हणजे मोडेम थोडा थांबून पुढचे आकडे फिरवतो. तरीही ‘डायल टोन नाही’ आलं, तर टोनची वाट पाहण्याची खूण सेटिंगमधून काढा.