न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेटपासून क्रायस्लर बिल्डिंगपर्यंत चालत जाता येतं का? आई-बाबा मालवणहून येतायत, आईचे गुडघे दुखतात.

आरामात जाता येतं. अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास, रस्ता बऱ्यापैकी सपाट. आपल्याकडच्या घाट्या चढलेल्या गुडघ्यांना काहीच नाही. न थांबता वीस मिनिटं, पण न थांबता जाऊच नका.

३४व्या रस्त्यावरून फिफ्थ अॅव्हेन्यूने सरळ ४२व्या रस्त्यापर्यंत या. तिथे डावीकडे पब्लिक लायब्ररी, दारात दोन संगमरवरी सिंह. मागे ब्रायंट पार्क, आईला तिथे खुर्चीवर बसवा. मग उजवीकडे ४२व्या रस्त्याने पूर्वेला. वाटेत ग्रँड सेंट्रल स्टेशन (१९१३) लागतं, आत शिराच. छतावर नक्षत्रं रंगवलीत, तीही उलटी! पंचांग बघणाऱ्या बाबांना दाखवा, दिवसभर बोलतील. स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर.

पुढे लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर क्रायस्लर. १९३० साली पूर्ण झालेली, ३१९ मीटर. उंचीच्या शर्यतीत तिचा सुळका आतल्या आत गुपचूप जोडला आणि ऑक्टोबर १९२९मध्ये एकदम वर काढला. वर्षभरातच १०२ मजली एम्पायर स्टेटने तिला मागे टाकलं, ते सोडा. मला विचाराल तर देखणी हीच.

एक चूक मी केली होती: अगदी पायथ्याशी उभं राहून मान वर केली. तिथून कळस नीट दिसतच नाही. थोडं लांबून बघा. वर चढून शहर बघायचं असेल तर एम्पायर स्टेटच, ८६व्या मजल्यावरून.